कळते पण वळत नाही: विद्यार्थ्याचे स्वनियमन घडवू पाहणाऱ्या मार्गदर्शकासाठी

‘कळते पण वळत नाही’ हे वाक्य मोठी माणसे मुलांच्या अभ्यासाविषयी तक्रार म्हणून वापरतात, पण निदान म्हणून ते अधिक उपयोगी आहे. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे हे मुलाला ठाऊक असते, कोणता धडा कच्चा आहे हेही ठाऊक असते, आणि तरीही संध्याकाळ हातातून निसटते. कळणे आणि वळणे यांच्यामधले हे अंतर स्वतःहून कापता येणे म्हणजे स्वनियमन. ते उपदेशाने येत नाही, कारण उपदेशाने फक्त कळण्यात भर पडते आणि तिथे बहुधा काही कमी नसतेच. उणीव असते ती वळण्यात, आणि वळणे हे कौशल्य असल्यामुळे ते कोणाच्या तरी सोबतीने, चुकत, सरावानेच शिकावे लागते. मार्गदर्शकाचे, म्हणजे ज्याला आपण आता सर्रास मेंटॉर म्हणतो त्याचे, काम इथे सुरू होते.

बॅरी झिमरमन या शिक्षण-मानसशास्त्रज्ञाने स्वनियमित अध्ययनाचे तीन टप्पे मांडले. कामाआधीचा पूर्वविचार, ज्यात ध्येय आणि पद्धत ठरते. प्रत्यक्ष काम, ज्यात स्वतःच्या लक्षावर लक्ष ठेवावे लागते. आणि कामानंतरचे आत्मपरीक्षण, ज्यातून पुढच्या वेळचा पूर्वविचार घडतो. हे चक्र आहे, आणि बहुतेक विद्यार्थी त्याच्या मधल्याच टप्प्यावर अडकलेले असतात: ते अभ्यासाला बसतात आणि उठतात, पण बसण्याआधी काही ठरवत नाहीत आणि उठल्यावर काही तपासत नाहीत. शाळेतही ही दोन्ही टोके इतर कोणीतरी सांभाळते, कारण वेळापत्रक शाळा ठरवते आणि मूल्यमापन शिक्षक करतात. आयुष्याची पहिली अनेक वर्षे ज्याने ही कामे कधी केलीच नाहीत, त्याला ती अचानक जमावीत ही अपेक्षाच चमत्कारिक आहे.

मग हे काम शिक्षकांनी किंवा पालकांनीच का करू नये? करावेच, पण मार्गदर्शकाकडे एक गोष्ट असते जी त्या दोघांकडे सहसा नसते. त्याच्या हातात गुण नसतात आणि त्याच्या मनात मागील दहा वर्षांचा राग साठलेला नसतो. त्यामुळे ‘या आठवड्यात मी पुस्तक उघडलेच नाही’ हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारता येते. त्या खऱ्या माहितीशिवाय कोणत्याही नियमनाला सुरुवात होत नाही, कारण ज्याचे मोजमाप लपवले जाते ते सुधारता येत नाही. खरे बोलण्याची शिक्षा मिळणार नाही याची खात्री विद्यार्थ्याला वाटणे ही मार्गदर्शनाची पहिली अट आहे. पुढे सांगितलेली प्रत्येक युक्ती या अटीवर उभी आहे.

सुरुवात करण्यापूर्वी स्वतःचा वेळ तपासावा

जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मार्गदर्शक आणि किशोरवयीन मुलांच्या जोड्या किती काळ टिकल्या हे पाहिले होते. ज्यांचे नाते वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकले त्या मुलांना सर्वाधिक लाभ झालेला दिसला, तर ज्यांचे नाते पहिल्या तीन महिन्यांतच तुटले त्यांच्या स्वतःविषयीच्या भावनेत आणि शैक्षणिक आत्मविश्वासात घट आढळली. अर्धवट सोडलेले मार्गदर्शन म्हणजे शून्य मार्गदर्शन असे समजण्याची सोय नाही. त्याने तोटा होऊ शकतो. म्हणून वर्षभर आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी आणि ठरल्या वेळी, पाऊण तास देता येईल अशी खात्री नसेल, तर हे काम हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्साहात महिन्याला सहा भेटी देऊन नंतर गायब होणाऱ्यापेक्षा दोनच भेटी वर्षभर नेमाने देणारा बरा, कारण स्वतःच्या वेळेचे नियमन न करणाऱ्या माणसाकडून मूल स्वनियमन शिकणार नाही.

पहिल्याच भेटीत गोपनीयतेची मर्यादाही सांगून टाकावी. तू सांगितलेले मी इतरांना सांगणार नाही, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मला जबाबदार व्यक्तीला सांगावे लागेल, हे वाक्य आधी बोललेले असले म्हणजे नंतर विश्वासघाताचा प्रश्न उद्भवत नाही.

पहिले काही आठवडे काहीही दुरुस्त करू नये

ही सूचना पाळणे सर्वांत कठीण जाते. विद्यार्थी अडचण सांगू लागताच आपल्या ओठांवर उपाय येतो, आणि तो उपाय बरोबर असला तरी त्याने काम बिघडते, कारण निदान करण्याची संधी आपण त्याच्याकडून काढून घेतलेली असते. त्याऐवजी ‘कालचा दिवस जसा गेला तसा मला सांग’ असे म्हणावे आणि ऐकावे. त्यानंतर एका आठवड्यासाठी एकच काम सुचवावे: अभ्यासाला बसण्याआधी, या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज एका वहीत लिहायचा, आणि काम संपल्यावर प्रत्यक्ष लागलेला वेळ त्याच्या शेजारी मांडायचा.

अंदाज आणि वास्तव यांतली तफावत जवळपास प्रत्येकाची निघते, आणि हे विद्यार्थ्याला आधीच सांगून ठेवलेले चांगले. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पूर्ण होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक काळ लागला. ही चूक आळशी माणसांपुरती मर्यादित नाही, हे समजले म्हणजे वही उघडून दाखवताना विद्यार्थ्याची मान खाली जात नाही. तफावत पाहून आपण फक्त एवढेच विचारावे की यातले कोणते काम तुला अपेक्षेपेक्षा जास्त खेचत होते. कोणत्याही परिस्थितीत ती वही पुरावा म्हणून वापरू नये, आणि पालकांना दाखवण्याचा मोह तर टाळावाच. एकदा तसे झाले की पुढच्या सगळ्या नोंदी सुंदर आणि खोट्या होतात.

ध्येय त्याचे, शब्द नेमके

ध्येय ठरवताना विद्यार्थी बहुधा निकालाची भाषा बोलतो: गणितात चांगले गुण मिळवायचे आहेत. या वाक्यातून उद्या संध्याकाळी सहा वाजता काय करायचे हे कळत नाही. ते ‘गुरुवारपर्यंत वर्गसमीकरणांची दहा उदाहरणे उत्तर न पाहता सोडवीन’ इथपर्यंत आणण्यासाठी आपण प्रश्न विचारत राहावे, पण वाक्य त्याने पूर्ण करावे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या आत्मनिर्णय सिद्धांतानुसार माणसाची प्रेरणा स्वायत्तता, सक्षमतेची जाणीव आणि आपलेपणाचे नाते या तीन गरजांवर पोसली जाते, आणि दुसऱ्याने ठरवून दिलेले उत्तम ध्येय यांपैकी पहिल्याच गरजेवर घाव घालते. त्याने निवडलेला विषय आपल्या मते चुकीचा असेल, तरी पहिल्या काही वेळा तो चुकीचा राहू द्यावा. दोन आठवड्यांनी ‘मी सोपा विषय निवडला होता’ हे तो स्वतः म्हणाला तर ते आपल्या दहा सूचनांच्या बरोबरीचे असते.

ध्येयानंतर योजना. पीटर गॉल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात ‘जर-तर’ स्वरूपाच्या योजनांवर काम केले आणि केवळ इच्छा बाळगण्यापेक्षा प्रसंग आणि कृती यांची आधीच गाठ मारून ठेवली तर कृती घडण्याची शक्यता वाढते असे दाखवले. ‘रोज इतिहास वाचीन’ याऐवजी ‘जर मी घरी येऊन हातपाय धुतले, तर लगेच इतिहासाची वही टेबलावर उघडीन’ असे लिहायचे. अडथळ्यांसाठीही अशीच गाठ मारता येते: ‘जर मित्राचा संदेश आला, तर हा परिच्छेद संपेपर्यंत मी तो उघडणार नाही.’ अर्थात फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तर ही दुसरी गाठ मारावीच लागत नाही, आणि मला तोच मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

या संदर्भात वॉल्टर मिशेल यांचा प्रसिद्ध प्रयोग अनेकदा चुकीच्या अर्थाने सांगितला जातो. लहान मुलासमोर एक गोड खाऊ ठेवायचा, थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील असे सांगायचे, आणि ते किती थांबते हे पाहायचे. थांबलेली मुले पोलादी मनोबलाची होती अशी समजूत पसरली. प्रत्यक्षात त्यांतली बरीच मुले डोळे झाकत होती, तोंड फिरवत होती, स्वतःशी गाणी म्हणत होती. म्हणजे मोहाशी झुंजण्याऐवजी त्याला नजरेआड करत होती. शिवाय २०१८ मध्ये अधिक मोठ्या आणि विविध गटावर झालेल्या फेरअभ्यासात, त्या वयातील थांबण्याची क्षमता आणि पुढील काळातील शैक्षणिक यश यांच्यातला संबंध, कौटुंबिक परिस्थिती हिशेबात घेतल्यावर, बराच क्षीण झालेला दिसला. यातून मार्गदर्शकाने दोन गोष्टी उचलाव्यात: कोणत्याही मुलावर ‘याच्यात संयमच नाही’ असा शिक्का मारू नये, आणि मनोबलाविषयी बोलण्याआधी टेबल, खोली आणि फोन यांविषयी बोलावे.

स्वतःचे विचार मोठ्याने बोलून दाखवावेत

मार्गदर्शनातली सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत कमी वापरली जाणारी पद्धत ही आहे. मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांच्या मते उच्च मानसिक क्रिया आधी दोन माणसांमध्ये घडतात आणि नंतर एकाच माणसाच्या आत. आज जो प्रश्न मार्गदर्शक विचारतो, तोच प्रश्न काही काळाने विद्यार्थी स्वतःला विचारू लागतो, आणि स्वनियमन बाहेरून आत जाते ते याच वाटेने. डोनाल्ड मायकेनबॉम आणि जोसेफ गुडमन यांनी १९७१ मध्ये उतावळ्या मुलांसाठी याच कल्पनेला पायऱ्यांचे रूप दिले. प्रथम मोठा माणूस स्वतःशी बोलत काम करून दाखवतो; मग त्याच्या सूचनांवर मूल ते काम करते; मग मूल मोठ्याने स्वतःला सूचना देत करते; मग पुटपुटत; आणि शेवटी ओठ न हलवता, मनातल्या मनात.

किशोरवयीन विद्यार्थ्यासोबत हे करताना एखादे खरोखर अवघड उदाहरण किंवा अपरिचित उतारा घ्यावा, आणि तयारी न करता बसावे. ‘प्रश्न पुन्हा वाचतो. यात काय दिले आहे? हे दोन आकडे. मी लगेच गुणाकार करायला निघालो, पण थांबतो, कारण एकके वेगळी आहेत. आता मी अडकलो आहे आणि मला पुढचा प्रश्न घ्यावासा वाटतो आहे. पाच मिनिटे आणखी देतो आणि आकृती काढून पाहतो.’ असे बोलत बोलत चुकणे आणि सावरणे हाच खरा पाठ आहे. डेल शुंक आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अपूर्णांक शिकताना अडखळणाऱ्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत, सुरुवातीपासून बिनचूक सोडवणाऱ्या मुलाला पाहण्यापेक्षा, आधी चाचपडून मग जमवणाऱ्या मुलाला पाहिल्याने आत्मविश्वास आणि कौशल्य अधिक वाढलेले आढळले. स्वतःची अडचण दाखवायला संकोच वाटतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो. पहिल्या खेपेला मी चक्क आधी सोडवून ठेवलेले उदाहरण नव्याने सोडवत असल्याचे नाटक केले होते, आणि समोरच्या मुलाने ते दोन मिनिटांत ओळखले.

पुढच्या भेटीत खुर्च्यांची अदलाबदल करावी. विद्यार्थ्याने मोठ्याने विचार करावा आणि आपण फक्त नोंद घ्यावी की तो कोठे थबकला, कोठे घाई केली आणि कोठे स्वतःला रोखले. शेवटची नोंद त्याला आवर्जून सांगावी, कारण स्वतःला रोखलेले क्षण त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाहीत.

आपल्याला किती येते, हे तपासायला शिकवावे

बरेच विद्यार्थी धडा तिसऱ्यांदा वाचतात, सगळे ओळखीचे वाटते, आणि ‘झाला’ म्हणून पुस्तक मिटतात. ओळखीचे वाटणे आणि आठवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवले की पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण दोन दिवसांनी किंवा आठवड्याने घेतलेल्या चाचणीत, वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहिणारे पुढे जातात. हा निष्कर्ष सांगण्यापेक्षा घडवून दाखवणे सोपे आहे. धडा वाचल्यावर ‘यातले दहापैकी किती मुद्दे न पाहता लिहिशील?’ असे विचारावे, आकडा लिहून घ्यावा, मग कोरा कागद द्यावा. अंदाज आठचा आणि मुद्दे चार निघाले की त्या क्षणी आपण गप्प बसावे. महिनाभर असे केल्यावर अंदाज आणि निकाल जवळ येऊ लागतात, आणि आपल्याला काय येत नाही हे बाहेरच्या परीक्षेशिवाय समजू लागणे ही मोठी मजल आहे.

टाळाटाळीमागची भावना

अभ्यास पुढे ढकलणाऱ्या मुलाला वेळेचे नियोजन शिकवून फारसे हाती लागत नाही, कारण टाळाटाळ पुष्कळदा वेळेची अडचण नसते. तो विषय समोर आला की भीती, कंटाळा किंवा लाज यांपैकी काहीतरी दाटून येते आणि पुस्तक बाजूला सारताच ते निवते. म्हणून ‘का केले नाहीस?’ या प्रश्नाऐवजी ‘ते पुस्तक उघडायच्या आधी नेमके काय वाटते?’ हे विचारावे. उत्तर यायला दोन-तीन भेटी लागू शकतात. ते आले की काम इतके लहान करावे की भावना असतानाही ते करता येईल: पाच मिनिटे, एकच उदाहरण, तेही आधी सोडवलेल्या प्रकारातले. झोप, खाणे किंवा बोलणे यांत दीर्घकाळ बदल दिसत असेल, मूल सतत निराश असेल किंवा स्वतःला इजा करण्याविषयी बोलत असेल, तर मात्र हा अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. त्याला तज्ज्ञ समुपदेशकापर्यंत पोहोचवणे हे त्या वेळी मार्गदर्शकाचे पहिले काम आहे.

निकाल लागल्यावर काय बोलावे

अभिप्राय देणे नेहमीच हिताचे असते हा समज खोटा आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनीसी यांनी १९९६ मध्ये केलेल्या संख्याशास्त्रीय आढाव्यात एक-तृतीयांशाहून अधिक उदाहरणांत अभिप्रायानंतर कामगिरी खालावलेली आढळली. तसेच जॉन हॅटी आणि हेलन टिम्परली यांच्या २००७ मधील मांडणीनुसार, कामाविषयी, पद्धतीविषयी आणि स्वनियमनाविषयी दिलेला अभिप्राय उपयोगी पडतो, तर ‘तू हुशार आहेस’ अशा व्यक्तीविषयीच्या शेऱ्याचा शिकण्यावर सर्वांत कमी परिणाम होतो. तेव्हा ‘शाब्बास, हुशार आहेस’ याऐवजी ‘तिसऱ्या प्रश्नात तू उत्तर खोडून पुन्हा केलेस, चूक आहे हे कशावरून ओळखलेस?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देताना विद्यार्थी स्वतःची पद्धत स्वतःच शब्दांत मांडतो.

अपयशानंतर तर शब्द अधिक जपून वापरावेत. ‘मला गणित जमतच नाही’ या वाक्याला ‘जमेल रे, अजून कष्ट कर’ असे उत्तर देणे सोपे असते, आणि ज्याने खरोखर कष्ट केले होते त्याच्यासाठी ते क्रूर ठरते, कारण कष्ट करूनही न जमण्याचा एकच अर्थ मग त्याच्यापाशी उरतो. त्याऐवजी उत्तरपत्रिका समोर ठेवून प्रत्येक गमावलेल्या गुणाचे कारण त्यानेच शोधावे: येत नव्हते, येत होते पण आठवले नाही, घाई झाली, की प्रश्नच चुकीचा वाचला. या चारही कारणांचे उपाय निराळे आहेत. ‘जमतच नाही’ हे एकसंध ओझे चार लहान गाठोड्यांत वाटले गेले की त्यांतले एखादे तरी उचलता येते.

बोट सोडण्याची वेळ

डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये लहान मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवणाऱ्या मार्गदर्शिकेचे निरीक्षण करून शिकणाऱ्याला दिलेल्या तात्पुरत्या आधाराचे वर्णन ‘परांची’च्या, म्हणजे बांधकामाभोवती उभारलेल्या तात्पुरत्या सांगाड्याच्या, उपमेने केले. इमारत उभी राहिली की परांची उतरवायची असते. नियम साधा आहे: अडला तर मदत एक पायरी वाढवावी, जमले तर एक पायरी कमी करावी. व्यवहारात आपण पहिला अर्धा भाग पाळतो आणि दुसरा विसरतो. विशेषतः आठवण करून देण्याच्या बाबतीत. ‘आज जीवशास्त्र आहे ना?’ असा रोजचा संदेश पाठवणाऱ्या मार्गदर्शकाचा विद्यार्थी नियमित दिसतो, पण ती नियमितता मार्गदर्शकाच्या मालकीची असते आणि संदेश थांबताच संपते.

म्हणून आधार काढण्याचे वेळापत्रक आधार देतानाच ठरवावे. पहिले दोन महिने भेटीचा विषय आपण सुचवावा, नंतर तो विद्यार्थ्याने लिहून आणावा. आठवण हवीच असेल तर ती त्याने स्वतःच्या फोनवर किंवा भिंतीवर लावावी. सहा महिन्यांनंतर भेटी पंधरवड्यावर न्याव्यात आणि मधल्या आठवड्यात त्याने स्वतःची भेट स्वतःच घ्यावी, म्हणजे तीन प्रश्न वहीत लिहून उत्तरे द्यावीत: काय ठरवले होते, काय झाले, पुढच्या वेळी काय बदलीन. परीक्षेच्या सुमारास घसरण होईल. तेव्हा थोडा आधार परत द्यावा, आणि तो किती दिवसांसाठी आहे हेही त्याच वेळी बोलून ठेवावे.

शेवटच्या भेटीची तारीख किमान महिनाभर आधी माहीत असावी. त्या भेटीत नवे काहीही शिकवू नये. पुढचा वाईट आठवडा आल्यावर, म्हणजे तीन दिवस पुस्तक न उघडता गेल्यावर, चौथ्या दिवशी सकाळी मी काय करीन, हे विद्यार्थ्याने एका कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहावे. त्यातली एखादी गोष्ट आपल्याला पटली नाही, तरी ती खोडू नये. कागद त्याच्याकडेच राहू द्यावा.